केकला घडणावळ का नाही?

पाचगणीत तीन मजली केकसाठी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, किलोला कसा?’ फोटो नंतर येतो. फोटोत पांढऱ्याशुभ्र फॉन्डंटचे तीन-चार मजले, कडेनं खाली उतरत गेलेली फुलं, मागे कुठलं तरी परदेशातलं तळं. लग्न एखाद्या रिसॉर्टच्या लॉनवर, मे महिन्यात, संध्याकाळी सहाला. पाहुणे दोनशे. आणि हिशेब बटाट्याचा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. मजली केक किलोवर मागणं आणि किलोवर विकणं, दोन्ही बंद व्हायला हवं. हे फक्त माझ्या पोटापाण्याचं रडगाणं नाही. किलोच्या भावामुळे केक वाईट होतात, तिरके होतात, पडतात, खाणाऱ्याच्या तोंडात टूथपिक येते, आणि हे सगळं करणाऱ्या बाईच्या हातात शेवटी काही उरत नाही.

किलोचा भाव कुठे शोभतो हे सातारा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. कंदी पेढा किलोवरच घ्यावा. अर्धा किलो घेतला काय आणि पाच किलो घेतला काय, दुसऱ्या पेढ्याला पहिल्याच्या डोक्यावर तासन् तास उभं राहायचं नसतं. शंभर पेढ्यांना दहा पेढ्यांच्या दहापट कष्ट लागतात, फार तर थोडे कमी. केकचंही एका मजल्यापर्यंत तसंच आहे. तीन केक शेजारी शेजारी ठेवले तर ते तीन केक. एकावर एक ठेवले की ती इमारत झाली, आणि इमारतीचा भाव कोणी सिमेंटच्या वजनावर करत नाही.

बरं, वजनावर विकायची वस्तू आणि तिच्यातली कारागिरी वेगळी मोजायची असते, हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. सराफाकडे जा. सोनं ग्रॅमवर, घडणावळ वेगळी, पावतीवर वेगळ्या ओळीत. शिंप्याकडे कापड मीटरवर, शिलाई वेगळी. संक्रांतीला नव्या सुनेसाठी किंवा बोरन्हाणाच्या बाळासाठी हलव्याचे दागिने घेतो, तीही साखरच की! पण ‘काकू, हा हार किती ग्रॅमचा?’ असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. तिथे सेटचा भाव असतो आणि तो मुकाट्यानं दिला जातो. साखरेच्या एका दागिन्याला जी समज आपण दाखवतो, ती साखरेच्या तीन मजल्यांसमोर कुठे जाते?

आत काय असतं ते एकदा नीट बघू, कारण वादाचं मूळ तिथे आहे आणि ते बाहेरून दिसत नाही.

समजा दहा, आठ आणि सहा इंच व्यासाचे तीन मजले. प्रत्येकाची उंची पाच इंचांच्या आसपास. भरण, गनाश आणि फॉन्डंट धरून सगळं मिळून सात-आठ किलो. म्हणजे सगळ्यात खालच्या मजल्याच्या डोक्यावर साडेतीन-चार किलो आले. आता स्पंज म्हणजे काय, तर हवेचे बुडबुडे धरून ठेवलेलं भाजलेलं पीठ. त्याच्यावर चार किलोचा डबा ठेवून तासभर वाट बघा. खालचा मजला बाजूला फुगतो, फॉन्डंटला पोटापाशी सुरकुत्या पडतात, मग चीर जाते, मग भरण बाहेर डोकावतं. म्हणून मजली केकचा पहिला नियम असा की खालच्या केकनं वरच्या केकचं काहीही वजन उचलायचं नाही.

मग उचलतं कोण? प्रत्येक वरच्या मजल्याखाली त्याच्याच मापाचा पातळ बोर्ड असतो. त्या बोर्डाखाली, खालच्या केकमधून आरपार, चार ते सहा खांब जातात. ते लाकडी डॉवेल असतील, प्लास्टिकच्या नळ्या असतील, नाहीतर बबल टीच्या जाड स्ट्रॉ. खांब खालच्या मजल्याच्या बोर्डावर टेकतात. वजन बोर्डातून खांबात जातं, खांबातून खालच्या बोर्डात, तिथून टेबलात. केक बिचारा त्या खांबांच्या भोवती नुसता उभा असतो. घराचं बांधकाम जवळून पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. आरसीसीच्या घरात विटांच्या भिंती स्लॅब उचलत नाहीत, कॉलम उचलतात. तुम्ही खाता त्या विटा. पडू नये म्हणून पैसे द्यायला हवेत ते कॉलमचे.

स्ट्रॉसारखी पोकळ वस्तू किलो-किलो वजन पेलते यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. पेलते. उभ्या बारीक दांडीवर वरून भार टाकला की ती चिरडण्याच्या आधी कंबरेत वाकते, आणि ती किती भाराला वाकेल हे तिच्या लांबीवर फार अवलंबून असतं. लांबी दुप्पट केली की तीच दांडी चौथा हिस्साच भार पेलते. अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या गणितज्ञानं हे मांडून ठेवलंय. म्हणून पाच इंचांची स्ट्रॉ भक्कम असते आणि दहा इंचांची लेचीपेची. हल्ली ‘डबल बॅरल’ नावाचा उंच नळकांड्यासारखा मजला सगळ्यांना हवा असतो. त्याच्या पोटात मध्यावर आणखी एक बोर्ड आणि खांबांचा आणखी एक संच घालावा लागतो. दिसतो एक मजला, असतात दोन. भाव? किलोचाच.

खांब उभे केले की काम झालं असंही नाही. सगळे एकाच उंचीचे हवेत. एक खांब तीन मिलिमीटरनं जास्त राहिला तर वरचा बोर्ड कलतो, आणि त्याच्यावर दोन मजले असतील तर टोकाशी तो कल अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त होतो. फॉन्डंटवर सरळ रेषेत सोनेरी पट्टी लावलेली असेल तर लग्नातल्या शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही तो दिसतो. म्हणून पहिला खांब केकमध्ये घालून खूण करायची, बाहेर काढायचा, बाकीचे त्याच्या मापानं कापायचे आणि वर पाणसळ ठेवून बघायचं. हो, गवंड्याची पाणसळ. माझ्याकडे छोटी आहे, स्पॅच्युलाच्या शेजारी असते. शिवाय सगळ्या मजल्यांमधून खालपर्यंत जाणारी एक मधली दांडी. ती वजन उचलत नाही. मजले एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून ती असते. तिचं टोक पेन्सिलसारखं तासून प्रत्येक बोर्डातून ठोकून खाली न्यावी लागते आणि ठोकताना केकला तडा जाऊ द्यायचा नाही. हे काम एकदा करून बघा आणि मग किलोचा भाव विचारा.

विलायती पुस्तकांतला मजली केक आणि आपला केक यांत एक मोठा फरक आहे, तोही कोणी सांगत नाही. तिकडचा जुना लग्नाचा केक म्हणजे सुक्यामेव्यानं ठासून भरलेला, जड, घट्ट फ्रूटकेक, वरून प्लॅस्टरसारखं कडक होणारं रॉयल आयसिंग. त्याच्यावर खांब उभे राहायचे, तेही उघडे, सगळ्यांना दिसतील असे. एलिझाबेथच्या १९४७च्या लग्नातला केक चार मजली आणि नऊ फूट उंच होता. तसल्या केकला उंची झेपते. आपल्याला काय हवं असतं? बिनअंड्याचा मऊसूत स्पंज, मध्ये फ्रेश क्रीम, त्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, आणि बाहेरून फॉन्डंटची इस्त्री केलेली चादर. म्हणजे शिऱ्यावर स्लॅब टाकायचा. व्हिप क्रीमवर थेट फॉन्डंट चढवला की क्रीममधला ओलावा साखरेत शिरतो आणि चादर वितळायला लागते. म्हणून बाहेरून गनाशचा कडक थर द्यावा लागतो. डार्क चॉकलेट असेल तर दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, पांढरं असेल तर तीनास एक, उन्हाळ्यात त्याहून घट्ट. रात्रभर सेट करायचं. चॉकलेटचा खर्च वेगळा, रात्र वेगळी.

त्यात आमचं गाव. पावसाळ्यात पाचगणीत धुकं खिडकीतून घरात येतं, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि फॉन्डंट म्हणजे तर साखर, हवेतलं पाणी ओढून घेणारी. फ्रिजमधून केक बाहेर काढला की दोन मिनिटांत त्याला घाम फुटतो. लाल आणि काळा रंग असेल तर ओघळ. बोर्डिंग शाळांमधल्या वाढदिवसांचे केक नेमके याच महिन्यांत असतात. शाळेचं बोधचिन्ह, गडद निळा रंग, ‘दोन मजले करा ना मावशी’. मी करते. पण पंखा लावून, दार बंद करून, चार तास थांबून करते, आणि ते चार तास कुठल्याही वजनकाट्यावर चढत नाहीत.

आता घाट.

पुण्याहून केक मागवणाऱ्यांना वाटतं, शंभर किलोमीटर तर आहे. कात्रजचा बोगदा, खंबाटकीचा घाट, सुरूर फाटा, वाई आणि मग पसरणीचा घाट. यातलं शेवटचं प्रकरण केकसाठी सगळ्यात वाईट. वाईहून वर चढताना रस्ता डोंगराला विळखे घालत येतो. प्रत्येक वळणावर गाडी एकीकडे वळते आणि केक दुसरीकडे जायला बघतो. वरचा मजला जास्त, कारण तो उंचावर. समोरून एसटी आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, की केक पुढे. मधली दांडी नसेल तर मजले पत्त्यांसारखे सरकतात. (पसरणी हे बी. जी. शिर्के यांचं गाव, अख्खं आयुष्य इमारती उभ्या करण्यात घालवलेल्या माणसाचं. शाहीर साबळेही तिथलेच. त्या घाटातून केक सांभाळत वर येताना मला दोघांचीही आठवण येते : आधी पहिल्यांची, आणि गाडी वर पोचली की दुसऱ्यांची.)

अनुभवी बेकर मजले सुटे नेते आणि जागेवर जोडते. म्हणजे ती स्वतः गाडीत हवी. सीटवर केक ठेवायचा नाही, सीट मागे उतरती असते. सपाट जागेवर, खाली न घसरणारी चटई, एसी चालू, खिडक्या बंद, वेग तिशीच्या आत. वर पोचल्यावर तास-दीड तास जोडणी, सांध्यांवर आयसिंगची रेघ, फुलं. मग परतीचा घाट. हा तिचा पूर्ण दिवस. आता गिऱ्हाइकाचा हिशेब करून बघू. समजा किलोला हजार रुपये. सात किलोचे सात हजार. त्याच सात किलोंचे अर्ध्या-अर्ध्या किलोचे चौदा साधे केक तिनं घरबसल्या विकले असते तरी सात हजारच आले असते. पाणसळ नको, दांडी नको, घाट नको, रात्रीची झोप शाबूत. किलोच्या भावात मजल्यांची किंमत शून्य धरलेली आहे, हे यावरून दिसतं. नुसती कमी नव्हे, शून्य.

आणि किंमत शून्य असली की काय होतं? जी बाई सहा खांब घालते तिचे सहा खांबांचे पैसे स्वतःच्या खिशातून जातात. जी दोन घालते तिचे वाचतात. जी खांबच घालत नाही, चार टूथपिक खुपसून वर ‘बसवते’, तिचे सगळ्यात जास्त वाचतात, आणि फोटो तिघींचा सारखाच दिसतो. किलोचा भाव प्रामाणिक टेकूला दंड करतो. वर बक्षीस कशाला देतो, तर वजनाला. फॉन्डंट जाड लाटा, साखरेचा पाक जास्त शिंपडा, भरण घट्ट करा, वजन वाढतं, पैसे वाढतात, आणि त्याच वजनानं खालचा मजला बसतो. काही ठिकाणी तर केक बोर्डासकट तोलतात. मिठाईच्या खोक्याचं वजन मिठाईत धरलं तर आपण दुकानदाराशी भांडतो, आणि भांडायलाच हवं. मग केकखालचा लाकडी बोर्ड हजार रुपये किलोनं घेताना कोणी का बोलत नाही?

टूथपिकचं जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे प्रश्न पैशांच्या पलीकडे जातो. साखरेच्या बाहुलीला उभं करायला टूथपिक, फुलाला तार, खांबाऐवजी बार्बेक्यूच्या टोकदार काड्या, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला प्लंबिंगचा पाइप, खोक्यातून कापलेला पुठ्ठा. पुठ्ठा ओला होऊन वाकतो, ते एक वेळ चालेल. पण वाढदिवसाला मुलं केकवर तुटून पडतात, आणि कुठल्या तुकड्यात काय टोकदार आहे हे केक करणारीखेरीज कोणालाच माहीत नसतं. ती तर तिथे नसते. केक कापणारा कोण, तर मुलाचा काका, हातात प्लास्टिकची सुरी, मागे गाणं चालू.

याची शिक्षा फक्त गिऱ्हाइकाला का द्यावी? आमच्या धंद्यातल्या क्लासवाल्यांचा वाटा मोठा आहे. ‘एका दिवसात फॉन्डंट, प्रमाणपत्रासह.’ सकाळी प्रीमिक्सचा स्पंज, दुपारी गुलाब, मग झालर, मग फोटो. खांब शेवटच्या पंधरा मिनिटांत, तेही ‘अशा स्ट्रॉ घालायच्या, बाकी तुम्ही यूट्यूबवर बघून घ्या’. गुलाब शिकवायला सोपा, दिसायला छान, रीलमध्ये तीस सेकंदांत फुलतो. खांब शिकवायला कंटाळवाणा आणि रीलमध्ये तो दिसतच नाही. क्लास निवडताना एकच प्रश्न विचारा : मी केलेला मजली केक मी आज स्वतः घरी नेणार आहे का? नाही म्हणाले तर ते तुम्हाला केक शिकवत नाहीत, केकचा फोटो शिकवतायत.

मग येतो थर्माकोल. ‘ताई, खालचे दोन मजले थर्माकोलचे करा, वरचा खरा. पण खरे वाटले पाहिजेत.’ इव्हेंटवाल्यांना हे फार आवडतं. हलका, पडत नाही, घाटाची भीती नाही. यात फसवणूक आहेच असं मी म्हणत नाही. नवरानवरीला माहीत असेल तर तो त्यांचा प्रश्न. खोट्या केकला इतिहासही आहे : दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, साखरेच्या टंचाईमुळे ब्रिटनमध्ये केकवर आयसिंग करण्यावरच बंदी आली, तेव्हा लोक साध्या छोट्या केकवर पुठ्ठ्याचं मजली झाकण भाड्यानं आणून ठेवायचे. ते झाकण परत जायचं, पुढच्या लग्नाला पुन्हा यायचं. आपला थर्माकोल कुठे जातो? फॉन्डंटनं चिकट झालेला तो गोळा भाड्यानं परत जात नाही. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली तेव्हा गणपतीच्या मखरांवरून केवढा गदारोळ झाला होता. पुढे केंद्राच्या १ जुलै २०२२ पासूनच्या बंदीतही सजावटीचा थर्माकोल आला. मखरातला थर्माकोल सजावट, आणि फॉन्डंटखालचा दोन मजली थर्माकोल काय मग, पौष्टिक आहार?

याच बंदीच्या यादीत प्लास्टिकच्या स्ट्रॉही आहेत. म्हणजे वर ज्यांचं कौतुक केलं त्या बबल टीच्या स्ट्रॉ आता वापरायला नकोत. आमच्यातल्या पुष्कळ जणी अजून वापरतात, कारण त्या स्वस्त आहेत. कागदी स्ट्रॉ केकच्या ओलाव्यात मऊ पडते, तिचा उपयोग नाही. लाकडी किंवा बांबूचे डॉवेल महाग पडतात, कापायला करवत लागते, पण तेच योग्य. किंवा स्टीलच्या नळ्या, अनामत घेऊन, परत आणून द्यायच्या बोलीवर. मांडववाले कनातीची आणि पातेल्यांची अनामत घेतातच ना, केकवालीनं घेतली तर बिघडलं कुठे? पण किलोच्या भावात अनामतीची ओळ लिहायला जागा नाही. पुन्हा तिथेच येतो आपण.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला माहीत आहे, आणि त्यातलं एक खरं आहे. लोक म्हणतात, किलोचा भाव निदान कळतो तरी. ‘डिझाइनप्रमाणे’ म्हटलं की बेकर तोंडाला येईल तो आकडा सांगते, लग्नघर दिसलं की दुप्पट. हे घडतं. मी पाहिलंय. पण यावर उपाय किलो नाही, फोडलेलं बिल आहे. केकचे पैसे वेगळे, मग ते किलोवर असले तरी माझी हरकत नाही. घडणावळ वेगळी, मजल्यांच्या संख्येवर. पोच आणि जोडणी वेगळी, अंतरावर आणि तासांवर. टेकूच्या सामानाची अनामत वेगळी. चार ओळी. यात लपवायला उलट कमी जागा उरते. दोघी बेकरांची बिलं शेजारी ठेवली की कोण खांबांचे पैसे घेते आणि कोण घेतच नाही हे दिसेल, आणि जी घेत नाही तिला विचारता येईल, ‘बाई, वरचा मजला कशावर उभा आहे?’

दुसरं म्हणणं असं की सामान्य घरच्या मुलीलाही एकदा तरी मजली केक कापावासा वाटतो, तुम्ही भाव वाढवून तिचा हक्क काढता. हा युक्तिवाद मला मनापासून खटकतो, कारण यात एका सामान्य घरच्या मुलीची हौस दुसऱ्या सामान्य घरच्या बाईच्या फुकटच्या रात्रींतून भागवायची सोय केलेली आहे. हौस असावी. दोन मजल्यांत भागवा. किंवा तीन केक वेगवेगळ्या उंचीच्या चौरंगांवर मांडा, मध्ये फुलं ठेवा, सुंदर दिसतं, आणि खांबांचा, घाटाचा, थर्माकोलचा प्रश्नच मिटतो. चौरंग प्रत्येक मराठी घरात असतो.

मुळात ‘घरीच तर करतेस’ हे जे वाक्य आहे ना, ते फार जुनं आहे. रुखवत आठवा. चुरमुऱ्यांचं देऊळ, साखरेचं तुळशीवृंदावन, डाळींची रांगोळी, एकावर एक रचलेल्या करंज्यांचा डोंगर. मावशा, आत्या, शेजारच्या काकू रात्र-रात्र जागून ते करायच्या. तीही रचनाच होती, तिलाही आतून टेकू असायचे, आणि कोणाला एक रुपया मिळाला नाही. मिळावा असं कोणाला वाटलंही नाही. प्रेमानं केलेलं होतं, हे खरंच. मजली केक हे आजचं रुखवत आहे, हॉलच्या दाराशी, नातेवाइकांनी बघावं म्हणून मांडलेलं. फरक इतकाच की आता ते करणारी तुमची मावशी नाही. तिला गॅसचं बिल आहे, तिच्या हाताखाली एक मुलगी आहे जिला महिन्याच्या सात तारखेला पगार लागतो. पण आपल्या डोक्यातला भाव अजून मावशीचाच आहे : साहित्याचे पैसे घे, बाकी काय, घरीच तर करतेस.

पडल्यावरची गोष्ट याहून वाईट. इथल्याच एका लग्नात (हॉटेलचं नाव घेत नाही) केक जोडून, पाणसळीत बसवून, फोटो काढून मी निघाले. नंतर डेकोरेशनवाल्या मुलांना टेबल फुलांच्या कमानीखाली हवं होतं, म्हणून चौघांनी केकसकट टेबल उचललं आणि लॉनच्या उतारावर नेऊन ठेवलं. टेबलाचाच कल, वर तीन मजले. दीड तासानं वरचा मजला इतका झुकला की नवऱ्या मुलाच्या भावानं हातानं धरून ठेवला. अर्धे पैसे कापले गेले. टेबल हलवणाऱ्यांचे नाही, माझे. मी टेबलाचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले, तर इव्हेंट बघणारा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, पण केक तर तुमचाच होता ना.’ किलोनं विकलेल्या वस्तूची जबाबदारी कुठे संपते हे किलोच्या पावतीवर लिहिलेलं नसतं. पोच आणि जोडणीची वेगळी ओळ असती तर ती पाणसळीत बसवून सही घेतल्यावर संपली असती. सराफ दागिना घालून नाचल्यावर तुटला तर घडणावळ परत देत नाही.

हा वजनाचा सोस वरपर्यंत आहे. पुण्याच्या प्राची धबल देब यांचं काम तुम्ही पाहिलं असेल. अंडं न घालता केलेल्या रॉयल आयसिंगमध्ये, जाळीसारख्या नाजूक भिंती आणि कमानी त्या उभ्या करतात. मिलानच्या कॅथीड्रलवरून त्यांनी केलेल्या रचनेची नोंद २०२२ मध्ये लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सनं घेतली. सुटे सुटे साखरेचे भाग, प्रत्येक फुंकरीनं मोडेल असा, एकमेकांच्या आधारानं उभे. आणि त्या बातमीतला लोकांच्या लक्षात राहिलेला आकडा कोणता? १०० किलो. अहो, शंभर किलो साखर तर वाईच्या कुठल्याही किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत असते. ती उभी कशी राहिली, हा प्रश्न होता.

मी या मोसमापासून केकसोबत एक चिठ्ठी देते. खोक्यावर चिकटवलेली, मराठीत, मोठ्या अक्षरात, केक कापणाऱ्या काकांसाठी : ‘आत लाकडी खांब ९, मधली दांडी १, मधले बोर्ड २. आधी दांडी वर ओढून काढा. वरचा मजला बोर्डासकट उचला. खांब मोजून काढा, नऊ भरले की मग सुरी लावा. तार नाही, टूथपिक नाही.’ आणि खाली बिलाच्या चार ओळी, घडणावळ दुसऱ्या ओळीत. गेल्या महिन्यात एका नवरीच्या वडिलांनी ती ओळ वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘घडणावळ? केकला?’ मी म्हटलं, ‘हो काका.’ त्यांनी खांब मोजायला सांगितले. मी मोजून दाखवले. मग त्यांनी पैसे दिले, सुटे शंभर परत घेतले, आणि स्टीलची नळी असती तर अनामत किती पडली असती तेही विचारून घेतलं, धाकट्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे म्हणून.